झाडून घे

मकरपुऱ्याच्या कारखान्याला कुलूप लागून
यंदा दोन वर्षं झाली.
बागेला लागलं नाही.
फत्तेसिंगभाई राठवा अजून आत असतात.
पगार कोण देतं विचारलं
तर वर बघून हात झटकतात.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गेले,
कोपराला अजून हिरवा रंग.
स्कूटर गेटच्या सावलीत लावली.
इथे चपला काढायच्या की नाहीत
हे नोकरीत असताना कधी कळलं नाही.
काढल्या.

आत सगळं होतं तिथेच.
दगडी दिवा, ज्याला आपल्या पाथरवटानं
सवयीनं तुळशीवृंदावनाची कंबर दिली.
चार पावलांचा पूल.
ओरसंगची चाळलेली वाळू आणि तिच्यावर फणीच्या रेघा.
ओनोदासान म्हणाले होते, समुद्र हवा.
समुद्र फत्तेसिंगभाईंनी पाहिलेला नव्हता.
त्यांनी नदी काढली, चैत्रातली,
घोट्याएवढं पाणी वाट शोधत जातं तशी.
एका पुरात विश्वामित्रीची मगर येऊन
त्या वाळूवर निजली होती.
ती गेल्यावर शेपटीची एक ओळ मागे राहिली,
ती साहेबांनी महिनाभर मोडू दिली नाही.

चेरीचं रोप तीनदा आलं,
ओल्या शेवाळात गुंडाळून, विमानानं.
कस्टमचे कागद मीच भरले.
तिन्ही वेळा वैशाखानं खाल्लं.
मग फत्तेसिंगभाईंनी कुणाला न विचारता
गावाकडचा कांचन आणून लावला.
आपट्याचा भाऊ, तसंच जोडपान,
पण दसऱ्याला याच्याकडे कुणी फिरकत नाही.
फाल्गुनात पानं टाकून उघडा होतो
आणि एका पहाटे गुलाबी.

त्या पहिल्या पहाटे
साहेब झाडाखाली उभे, आम्ही दोघं मागे.
वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, तरी पाकळ्या पडत होत्या.
साहेब हळूच म्हणाले, सोनो मामा दे.

मी दुभाषी. संध्याकाळच्या वर्गाची दोन वर्षं,
रावपुऱ्यात पेढे वाटलेलं सर्टिफिकेट.
आणि मला ऐकू आलं
सोनं. मामा. दे.
घाम फुटला.
फत्तेसिंगभाई माझ्या तोंडाकडे बघत होते.
जमिनीवर एवढा कचरा, दुसरं काय म्हणणार माणूस?
सांगितलं, साहेब म्हणतात, झाडून घे.

घरी येऊन पुस्तक उघडलं.
असू दे. आहे तसंच राहू दे.
सातवा धडा, त्या आठवड्यात मला कावीळ होती.

अकरा वर्षं बोलले नाही.
साहेब गेले, आधी देशाला, मग कायमचे.
मी लेजर लिहीत राहिले,
आणि रोज साडेआठला
खिडकीतून खराट्याचा आवाज.

आज सांगितलं. उभ्यानंच, चपला हातात घेऊन.
फत्तेसिंगभाईंनी बिडी कानामागे खोचली.
म्हणाले, ते तर मला त्याच दिवशी समजलं होतं, बेन.
तुम्ही वळल्यावर साहेबांनी वाकून एक पाकळी उचलली,
खिशात ठेवली.
झाडायला सांगणारा माणूस असं करतो का?

मग खराटा? रोजचा?

तो मागच्या शेडचा. तिथे निलगिरीची पानं पडतात.

मी हसायला गेले, ते जमलं नाही.
जवा दो ने, म्हणाले,
आणि पिशवी पुढे केली, दुधाची, धुतलेली.
आत कळ्या, मिटलेल्या, टपोऱ्या.
बायकोनं सकाळीच खालच्या फांदीवरून तोडल्या होत्या.
उकडून पाणी टाकायचं, नाहीतर तुरट लागतात,
हरभऱ्याची डाळ घालायची.
साहेबांना आवडायची ही भाजी.
म्हणायचे, आम्हीपण फूल मिठात घालून खातो.

हे कुणी सांगितलं तुम्हाला? कोणत्या भाषेत?

त्यांनी बोटांनी चिमूटभर मीठ दाखवलं,
मग जिभेला लावलं.

निघताना बघितलं,
माझ्या स्कूटरच्या सीटवर तीन पाकळ्या.
गेट तर झाडापासून बरंच लांब.
बसायचं कसं ते ठरेना.